साच्यातल्या लष्करी थरारकथा का आवडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साच्यातली लष्करी थरारकथा म्हणजे नेमके काय?

शत्रूच्या ताब्यात एक ठाणे असते आणि ते घेणे अशक्य आहे अशी सगळ्यांची खात्री झालेली असते. ते निकामी केले नाही तर अमुक दिवशी, अमुक वेळी आपली शेकडो माणसे मरणार असतात. विमानांचे हल्ले फसलेले असतात, आरमाराचे काही चालत नाही, म्हणून चार-पाच माणसांची तुकडी गुपचूप पाठवली जाते. तिच्यात एक अबोल नायक, एक स्फोटकांचा जाणकार, एक त्या मुलखाची भाषा बोलणारा आणि एक कोवळा तरुण असतो, शिवाय बहुधा कोणीतरी फितूर निघतो. वाटेत वादळ येते, कडा चढावा लागतो, माणसे पकडली जातात आणि सुटतात, आणि अगदी अखेरच्या घटकेला स्फोट होतो. देश, शस्त्रे आणि नावे बदलली तरी हा सांगाडा बदलत नाही. अ‍ॅलिस्टर मॅक्लीन यांची १९५७ साली प्रसिद्ध झालेली ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ ही कादंबरी म्हणजे या सांगाड्याचा सर्वांत ठसठशीत नमुना असल्यामुळे पुढची बरीच उत्तरे तिच्याच आधाराने दिली आहेत. तिच्यातले महत्त्वाचे प्रसंग येथे उघड होणार आहेत, हे न वाचलेल्यांनी ध्यानात घ्यावे.

शेवट आधीच ठाऊक असतो, मग वाचायचे कशासाठी?

कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांपैकी कोणालाही आख्यानाचा शेवट नवा नसतो, तरी बुवा प्रसंग रंगवू लागले की मांडी घालून बसलेला माणूस पुढे सरकतो. साच्यातली गोष्ट वाचकाला हेच सुख देते. ‘नॅव्हरोन’मधल्या शत्रूच्या तोफा स्फोटात उडणार की नाही या काळजीतून तो मोकळा झालेला असतो, म्हणून त्या कशा उडणार याकडे त्याचे सगळे लक्ष जाते. फ्रेडरिक फोर्साइथ यांच्या १९७१ सालच्या ‘द डे ऑफ द जॅकल’मध्ये तर फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या खुनाचा कट आहे, आणि द गॉल १९७० साली आपल्या घरी वारले हे वाचकांना पहिल्या पानापासून माहीत होते. तरीही त्या पुस्तकाने लोकांची झोप उडवली, कारण वाचक मारेकऱ्याच्या तयारीची एकेक पायरी पाहत होता आणि त्याच्या मागावर असलेल्या पोलीस अधिकाऱ्याचीही.

‘नॅव्हरोन’वर १९६१ साली चित्रपट निघाला. त्याच्या शेवटच्या भागातला एक प्रसंग मी या प्रकारच्या कथांचे मर्म म्हणून अनेकांना सांगितला आहे. स्फोटकांचा जाणकार मिलर हा किल्ल्यातल्या प्रचंड तोफांजवळ काही स्फोटके अशा जागी ठेवतो, की ती जर्मनांना सापडावीत. खरी स्फोटके तो तोफगोळे वर आणणाऱ्या लिफ्टच्या मार्गात खाली दडवतो. लिफ्ट पुरेशी खाली उतरली की तिचे चाक उघड्या तारांना टेकेल आणि ठिणगी पडेल, अशी त्याची योजना असते. जर्मन सैनिक तोफांजवळची स्फोटके शोधून काढतात, निर्धास्त होतात आणि मारा सुरू करतात. लिफ्ट खाली येते, तारांच्या जरा वर थांबते, गोळा घेऊन वर जाते. पुन्हा येते, पुन्हा थांबते. प्रेक्षकाला स्फोट होणार हे ठाऊक असते, पण चाक आणि तार यांच्यामधल्या त्या बोटभर अंतरावरून त्याची नजर हलत नाही. शेवट अनिश्चित ठेवून जी उत्कंठा येते तिच्यापेक्षा ही वेगळ्या जातीची आहे, आणि माझ्या मते अधिक टिकाऊ आहे, कारण दहाव्यांदा पाहतानाही ती तितकीच काम करते.

मॅक्लीन हे स्वतः सैनिक होते का?

होते. १९२२ साली ग्लासगो येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेले मॅक्लीन दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमारात होते आणि रशियाला रसद पोहोचवणाऱ्या आर्क्टिक ताफ्यांच्या संरक्षणावर त्यांनी काम केले होते. त्यांचे बालपण स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेलिक भाषेत गेले, म्हणजे ज्या इंग्रजीत त्यांनी जगभर नाव मिळवले ती त्यांची घरची भाषा नव्हती. युद्धानंतर ते शाळेत शिकवत होते. १९५४ साली एका वृत्तपत्राच्या कथास्पर्धेत बक्षीस मिळाले, प्रकाशकाने कादंबरी मागितली आणि १९५५ साली ‘एच. एम. एस. युलिसिस’ बाहेर आली.

ही पहिली कादंबरी साच्यात बसत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. तिच्यात थकलेले, गोठलेले, आधीच बंडाच्या उंबरठ्यावर गेलेले खलाशी आहेत आणि शेवटी जहाज वाचत नाही. तिच्यामागे जे वास्तव होते ते तसेच होते. जुलै १९४२मध्ये ‘पी. क्यू. १७’ या ताफ्यातली २४ व्यापारी जहाजे बुडाली. मॅक्लीन यांनी आधी युद्ध जसे पाहिले तसे लिहिले आणि मग दोन वर्षांनी, युद्धात काय घडायला हवे होते, ते लिहिले. साचा त्यांच्याकडे अज्ञानातून आला नव्हता.

नॅव्हरोन नावाचे बेट खरोखर आहे का? ती मोहीम घडली होती का?

बेट काल्पनिक आहे आणि तशी मोहीम घडलेली नाही. पण तिच्या मागची पार्श्वभूमी खरी आहे, आणि या लेखनप्रकाराच्या आकर्षणाचे मोठे कारण तिच्यात सापडते.

सप्टेंबर १९४३मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर ब्रिटिशांनी एजियन समुद्रातली इटलीच्या ताब्यातली काही बेटे घाईघाईने व्यापली. त्यांतल्या लेरॉस बेटावर २६ सप्टेंबरपासून जर्मन विमानांनी हल्ले सुरू केले आणि पहिल्याच दिवशी बंदरात एक ब्रिटिश आणि एक ग्रीक विनाशिका बुडवली. १२ नोव्हेंबरला जर्मन सैन्य उतरले, १६ नोव्हेंबरला बेट पडले आणि हजारो ब्रिटिश व इटालियन सैनिक कैदी झाले. तेथील शिबंदीला वाचवायला कोणतीही तुकडी कडा चढून आली नाही.

कादंबरीत खेरॉस नावाच्या बेटावर १२०० ब्रिटिश सैनिक अडकलेले आहेत आणि त्यांना आणायला जाणाऱ्या विनाशिकांचा मार्ग नॅव्हरोनच्या तोफांच्या टप्प्यात आहे. येथे मात्र तोफा उडतात आणि माणसे सुटतात. चौदा वर्षांपूर्वी जी माणसे खरोखर अडकून पडली होती त्यांचे भाऊ, बायका आणि मित्र १९५७ साली ही कादंबरी वाचत होते. तिला निव्वळ करमणूक म्हणून बाजूला सारणारे टीकाकार हे विसरतात. हातून निसटलेली गोष्ट कथेत पुन्हा हाती घेता येते, आणि ती गरज पोरकट नाही.

असेच दुसरे उदाहरण टॉम क्लॅन्सी यांचे. नोव्हेंबर १९७५मध्ये ‘स्तोरोझेवॉय’ या सोव्हिएत युद्धनौकेवर वालेरी साब्लिन या अधिकाऱ्याने बंड केले. त्याला पळून जायचे नव्हते. लेनिनग्राडकडे जाऊन खऱ्या साम्यवादी क्रांतीची हाक द्यावी, अशी त्याची इच्छा होती. नौका अडवली गेली आणि १९७६ साली त्याला देहदंड झाला. क्लॅन्सी यांच्या १९८४ सालच्या ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ची ठिणगी या घटनेत होती. तिथे मात्र सोव्हिएत पाणबुडीचा कप्तान अमेरिकेकडे निघतो आणि सुखरूप पोहोचतो. साचा घटना कोणत्या दिशेने वाकवतो, हे ही दोन टोके शेजारी ठेवली की स्पष्ट दिसते. पहिल्या उदाहरणात तो पराभवाला सावरतो. दुसऱ्यात तो एका माणसाच्या निष्ठेचा अर्थच बदलून टाकतो, आणि हे मला आवडत नाही, कादंबरी कितीही रंगतदार असली तरी.

बंदुका, दोर, स्फोटके यांचे एवढे तपशील वाचकाला का रुचतात?

कारण ही कामाची गोष्ट असते. आपल्या बहुतेक कथा-कादंबऱ्यांत माणसे बोलतात, आठवतात, दुखावतात, पण काम करताना फारशी दिसत नाहीत. सुताराला रंधा मारताना पाहत तासभर उभे राहणारे लोक असतात, तेच सुख येथे मिळते. ज्याला आपले काम येते अशा माणसाला काम करताना पाहण्याचे ते सुख आहे.

माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. वाचनालयातून आणलेले असे पुस्तक त्यांच्या हाती दिले की ते आधी कडा चढण्याचा प्रसंग शोधून काढत. “दोर कशाला बांधला, भिजल्यावर त्याचं काय झालं, पाठीवर वजन किती होतं, हे लिहिलंय का बघ,” असे ते म्हणत, “नसेल तर माणूस नुसता हवेत चढवलाय.” एका पुस्तकात नायक रात्रभर पावसात भिजून पहाटे कोरड्या काडीने दिवा पेटवतो, एवढ्या एका वाक्यावरून त्यांनी ते मिटून माझ्या हातात परत दिले होते. उलट ‘नॅव्हरोन’मधली कड्याची चढण त्यांनी दोनदा वाचली. खिळ्यावर हातोडा मारताना होणारा आवाज आणि त्या आवाजाने जागा होऊ शकणारा पहारेकरी, एवढ्याचीच नोंद घेऊन ते म्हणाले, “हा माणूस कुठंतरी थंडीत उभा राहिलाय.”

तपशील खरा असणे आणि तपशील पुष्कळ असणे यांत फरक आहे. क्लॅन्सी हे मेरिलँडमधले विमा प्रतिनिधी होते आणि त्यांनी सैन्यात नोकरी केलेली नव्हती. त्यांची पहिली कादंबरी अमेरिकी आरमाराशी संबंधित असलेल्या नेव्हल इन्स्टिट्यूट प्रेसने काढली, ही तिच्यातल्या अभ्यासाची पावतीच होती. परंतु त्यांच्या वाटेने नंतर जे लिहिले गेले त्यातले बरेचसे शस्त्रांच्या सूचिपत्रासारखे वाचावे लागते. बंदुकीची नळी किती लांब आहे हे सांगितल्याने ती धरणाऱ्याचा हात दिसत नाही.

तुकडीत नेहमी तीच ती माणसे का असतात?

प्रत्येक माणूस एकेका कामासाठी लागतो, हे सरळ उत्तर झाले. ‘नॅव्हरोन’मधला मॅलरी हा न्यूझीलंडचा गिर्यारोहक आहे, कारण कडा चढायचा आहे. मिलर अमेरिकी आहे आणि त्याला स्फोटके कळतात. आंद्रेआ ग्रीक आहे, आपले घरदार गमावून बसलेला आहे, आणि त्या मुलखात त्याच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. अशा तुकडीत कोणीच जादा नसतो आणि कोणावाचूनही चालत नाही. मोठ्या कचेरीत वा कारखान्यात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला, आपण नसलो तरी काही अडणार नाही, ही जाणीव रोज होत असते. त्याला पाच जणांची ही तुकडी का हवीहवीशी वाटते, याचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

आणि फितूर? तो नसला तर चालणार नाही का?

बाहेरचा शत्रू कोठे आहे हे माहीत असते, त्यामुळे त्याची भीती ठरावीक असते. फितुरामुळे प्रत्येक संवाद दुहेरी होतो आणि मागची पाने पुन्हा चाळावीशी वाटतात. मॅक्लीन यांनी याचा कळस ‘व्हेअर ईगल्स डेअर’मध्ये गाठला, जिथे किल्ल्यातल्या दिवाणखान्यात कोण कोणाच्या बाजूचा हे एकाच बैठकीत अनेकदा उलटते. त्यानंतर मात्र त्यांनी हीच युक्ती इतक्या वेळा वापरली, की त्यांच्या उत्तरकाळातल्या कादंबऱ्यांत फितूर तिसऱ्या प्रकरणात ओळखू येतो आणि मग वाचन नेटाने पुढे ढकलावे लागते.

ही परक्यांची युद्धे आहेत. मराठी वाचकाने त्यात का रमावे?

दोन कारणांनी, आणि दोन्ही घरची आहेत.

हा साचा आपल्याकडे इंग्रजी पुस्तकांबरोबर आलेला नाही. फेब्रुवारी १६७०मध्ये तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला, त्या प्रसंगावरचा तुळशीदास शाहिराचा पोवाडा शतकानुशतके गायला गेला आहे. गड अभेद्य, पहारा कडक, रात्रीची वेळ, मोजके मावळे, आणि कोणी चढूच शकणार नाही म्हणून ज्या बाजूला पहारा ढिला आहे तोच कडा निवडलेला. नॅव्हरोनच्या दक्षिण कड्यावर पहारा ढिला आहे, तो नेमक्या याच कारणाने. कोंढाण्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलाला मॅलरी का निघाला आहे आणि कोठून चढणार आहे हे समजावून द्यावे लागत नाही. शिवाय पोवाडा ऐकणाऱ्याला शेवट पाठ असतोच. “गड आला पण सिंह गेला” हे वाक्य येणार म्हणून तो थांबलेला असतो.

दुसरे कारण असे, की ते युद्ध पूर्णपणे परके नव्हते. मराठा पलटणी इटलीत लढल्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले सगळे जण १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्याखाली मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. गोळ्यांची पेटी बदलायला अवधी नव्हता, म्हणून त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांना आडवे केले, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा तेथेच अंत झाला. शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर निरोप्याचे काम करत होते. त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे नेले, मग परत जाऊन तीन मशीनगन ठाणी बंद पाडली, आणि बांधावर उभे राहून रणगर्जना करत बाकीच्या तुकड्यांना पुढे बोलावले. हाताला गोळी लागल्यावर त्यांनी बंदूक टाकून हातबॉम्ब वापरले होते. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे प्रसंग एखाद्या कादंबरीत वाचले असते तर अतिशयोक्ती म्हणून आपण मान हलवली असती.

कमांडो चित्रपुस्तिकांचा यात काही वाटा आहे का?

मोठा वाटा आहे, विशेषतः सत्तर-ऐंशीच्या दशकांत शहरांत वाढलेल्यांसाठी. डंडी येथील डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेने १९६१ साली सुरू केलेली ही मालिका अजून चालू आहे आणि २०१७ साली तिचा ५००० वा अंक निघाला. तळहातापेक्षा थोडी मोठी, साधारण साठेक पानांची, आत काळ्या शाईतली चित्रे आणि बाहेर रंगीत मुखपृष्ठ. रद्दीच्या दुकानात आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत त्या गठ्ठ्याने मिळत. आमच्या भागातल्या एका वाचनालयातल्या प्रतींची शेवटची दोन पाने हमखास गेलेली असत आणि भाडे मात्र पुरे घेतले जाई. त्या वेळी फार चीड आली होती, पण साच्याचा खरा उपयोग मला तेथेच कळला. पाने नसली तरी शेवट आम्ही एकमेकांना चोख सांगत असू.

अशा कथा युद्धाचे उदात्तीकरण करत नाहीत का?

पुष्कळ वेळा करतात, आणि हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. सर्वांत मोठी लबाडी मृत्यूच्या हिशेबात असते. २८ मार्च १९४२ रोजी ब्रिटिश कमांडो आणि खलाशी यांनी फ्रान्समधल्या सेंट नाझेर बंदरावर छापा घातला. स्फोटकांनी भरलेली ‘कॅम्पबेलटाउन’ ही जुनी विनाशिका त्यांनी गोदीच्या दारावर नेऊन आदळली आणि काही तासांनी ती फुटली. युद्ध संपेपर्यंत ती गोदी उपयोगात आली नाही. आराखडा म्हणून पाहिले तर हा छापा साच्यात तंतोतंत बसतो. पण गेलेल्या सहाशेहून अधिक माणसांपैकी १६९ मारली गेली, २१५ पकडली गेली आणि २२८ परतली. कादंबरीत हे प्रमाण कधीच येत नाही. तिथे पाचातला एखादा जातो आणि तोही योग्य जागी, योग्य वाक्य बोलून.

दुसरी लबाडी शत्रूच्या चेहऱ्याबाबत असते. सामान्य लेखकाच्या पुस्तकात पहारेकरी म्हणजे फक्त गळा कापण्यासाठी उभा केलेला गणवेश असतो. ‘नॅव्हरोन’मध्ये क्रूर स्कोडा आहे, तसा कैद्यांशी सभ्यपणे वागणारा टुर्झिगही आहे, आणि त्या एका माणसामुळे पुस्तकातल्या पुढच्या प्रत्येक मेलेल्या जर्मनाचे वजन वाढते. हे करायला मॅक्लीन यांना चार-सहा पानेच लागली. जे लेखक तेवढीही देत नाहीत, आणि आजच्या एखाद्या शेजारी देशाला किंवा धर्माला तो बिनचेहऱ्याचा गणवेश चढवतात, त्यांची पुस्तके मुलांच्या हाती देताना मी तरी विचार करतो.

या कथांत स्त्रिया जवळजवळ नसतातच. असे का?

मॅक्लीन यांच्या कादंबऱ्यांत प्रेमप्रकरणांना फार थोडी जागा आहे. ‘नॅव्हरोन’मध्ये तुकडीला बेटावर भेटणारे दोन साथीदार पुरुष आहेत. चित्रपट करताना त्यांच्या जागी दोन स्त्रिया आणल्या गेल्या, पण तो बदल पटकथेच्या सोयीसाठी होता. युद्धकाळात फ्रान्समध्ये उतरवलेल्या स्त्री हस्तकांची खरी उदाहरणे पुष्कळ असताना या लेखकांना त्या दिसल्या नाहीत, हे या लेखनप्रकाराचे स्पष्ट वैगुण्य आहे आणि त्याला काळाचा दोष म्हणून झाकून घेऊ नये.

चांगली साचेबंद कथा आणि वाईट साचेबंद कथा यांत फरक कसा ओळखावा?

हवामान पाहावे. चांगल्या कथेत थंडी, भूक आणि झोप यांना कामगिरीइतकेच महत्त्व असते आणि दुखावलेला पाय पुढच्या प्रकरणातही दुखतो. वाईट कथेत खांद्याला गोळी लागलेला नायक दोन पानांनी भिंत चढतो. मामांची दोराची कसोटीही वापरून पाहावी. ती मला अजून चुकलेली आढळली नाही.

एकदा वाचलेली पुन्हा वाचण्यात काही अर्थ आहे का?

‘नॅव्हरोन’पुरते उत्तर द्यायचे तर दुसऱ्या वाचनात पुस्तकाचा नायक बदलतो. पहिल्या वेळी आपण मॅलरीच्या मागे चढत असतो. दुसऱ्या वेळी आपली नजर अँडी स्टीव्हन्स या सर्वांत लहान अधिकाऱ्यावर खिळते. त्याला शत्रूची भीती नाही. आपण ऐन वेळी घाबरू आणि ते इतरांना दिसेल, या भीतीने तो आयुष्यभर पोखरलेला आहे. कडा चढताना तो पडतो आणि त्याचा पाय मोडतो. मग सगळी तुकडी त्याला डोंगरातून वाहून नेते, पाय सडत जातो, आणि आपण ओझे झालो आहोत हे त्याला कळते. शेवटी तो मागे थांबण्याची परवानगी मागतो, म्हणजे इतरांना निसटायला वेळ मिळेल. ते त्याला बंदुकीपाशी बसवून निघून जातात. एकटा राहिल्यावर आपल्याला भीती वाटत नाही हे त्याच्या ध्यानात येते, आणि याचे त्याला मोठे नवल वाटते. तोफांचा स्फोट त्यानंतर बऱ्याच पानांनी होतो, पण माझ्या जुन्या प्रतीला खूण आहे ती या पानावर.